खाजनातील मानशीवरचे सेन्सर: नोडवर किती गणित करावे, सर्व्हरवर किती?

ताळगाव_पठार (प्रश्न)

नमस्कार. मी गोव्यात संगणकशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षात असून, सागरी विज्ञान शिकणाऱ्या दोन सहकाऱ्यांबरोबर एक प्रकल्प करीत आहे. कुंभारजुवे कालव्याकाठच्या एका खाजनात (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल जमिनीत) मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या झडपेच्या, दाराच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूला आम्ही प्रत्येकी एक नोड (सेन्सर जोडलेली पेटी) बसवणार आहोत. पाण्याची पातळी, तापमान, विद्युतवाहकता आणि विरघळलेला ऑक्सिजन, तसेच पेटीच्या आतली आर्द्रता आणि बॅटरीचे व्होल्टेज, अशा सहा राशी दर मिनिटाला मोजायच्या आहेत. नोडवर ईएसपी३२ हा मायक्रोकंट्रोलर (छोटी नियंत्रक चिप) आहे. तिथून लोरा या कमी विजेच्या, लांब पल्ल्याच्या रेडिओने गावातल्या एका इमारतीच्या गच्चीवरील गेटवेपर्यंत (रेडिओवरचा डेटा इंटरनेटवर पुढे देणाऱ्या यंत्रापर्यंत), आणि गेटवेवरच्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकातून एमक्यूटीटी या संदेशपद्धतीने विद्यापीठातील सर्व्हरपर्यंत डेटा यावा, अशी रचना ठरली आहे.

मतभेद पुढच्या टप्प्यावर आहे. आमच्या मार्गदर्शकांच्या मते नोडवरच पंधरा मिनिटांची सरासरी काढून तेवढीच पाठवावी, म्हणजे रेडिओ आणि बॅटरी दोन्ही वाचतील. माझ्या एका सहकाऱ्याला नोडवर मशीन लर्निंगचे छोटे मॉडेल बसवून केवळ ‘वेगळ्या’ वाटणाऱ्या नोंदी पाठवाव्यात असे वाटते. मला दोन्ही मार्गांत काहीतरी कायमचे गमावले जाईल अशी भीती वाटते, परंतु ते नेमके काय आणि ते कसे टाळावे, हे मला अजून नीट मांडता आलेले नाही. ज्यांनी पाण्यात किंवा पावसात चालणारी अशी यंत्रणा उभी केली आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

वेर्णा_फर्मवेअर

वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत उपकरणांचे फर्मवेअर (उपकरणाच्या आतला प्रोग्रॅम) लिहिणे हे माझे रोजचे काम आहे, म्हणून त्या बाजूने सांगतो. आपण साठवण, रेडिओ आणि वीज या तीन गोष्टींचा विचार एकत्र करीत आहात. त्यांची टंचाई मात्र सारखी नाही.

साठवणीची टंचाई मुळीच नाही. सहा राशींची एक नोंद सढळ हाताने ५० बाइट धरली, तरी दर मिनिटाला एक या हिशेबाने दिवसाला ७२ हजार बाइट आणि वर्षाला सुमारे २६ मेगाबाइट होतात. बाजारात मिळणाऱ्या सर्वांत लहान मेमरी कार्डावरही आपल्या प्रकल्पाच्या कैकपट मुदतीचा कच्चा डेटा मावेल. तेव्हा प्रत्येक मोजमाप, सेन्सरने दिले तसेच, नोडवर लिहून ठेवावे आणि देखभालीच्या फेरीत उतरवून घ्यावे. यात वाद होण्याचे कारण मला दिसत नाही.

खरी टंचाई रेडिओची आहे. भारतात लोरासाठी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा विनापरवाना वापरता येतो. लोरावॅनच्या (लोरावरून डेटा पाठवण्याच्या नियमपद्धतीच्या) सर्वांत संथ गतीला एका पॅकेटमध्ये आपला ५१ बाइटच मजकूर बसतो आणि ते पॅकेट जवळजवळ पावणेतीन सेकंद हवेत राहते. तेच पॅकेट एसएफ७ या वेगवान गतीला सुमारे ०.१२ सेकंदात जाते. खाजनात मध्ये खारफुटीची दाट भिंत असेल आणि अँटेना बांधाच्या उंचीवरच असेल, तर संथ गती गृहीत धरूनच आखणी करावी.

आता ५१ बाइटांत काय बसते ते पाहा. सहा राशींपैकी प्रत्येकीची पंधरा मिनिटांतली किमान, मध्यक (क्रमाने लावल्यावर मधला आकडा) आणि कमाल किंमत दोन-दोन बाइटांत लिहिली तर ३६ बाइट होतात. वेळेला ४, पॅकेटच्या अनुक्रमांकाला २ आणि प्रत्येक राशीच्या दर्जाचिन्हाला (आकडा कितपत विश्वासार्ह ते सांगणाऱ्या खुणेला) १ याप्रमाणे ६ बाइट दिले की ४८ झाले. उरलेल्या तिनांपैकी एक फर्मवेअरच्या आवृत्तीला आणि एक नोड किती वेळा रीसेट झाला त्या मोजणीला द्यावा. नुसती सरासरी पाठवण्यापेक्षा हे कितीतरी बोलके आहे, कारण दार उघडताच पंधरा मिनिटांत झालेला चढउतार किमान आणि कमाल यांतून दिसतो, सरासरीत तो विरून जातो.

विजेविषयी. रास्पबेरी पाय ४ काहीही न करता बसला तरी साधारण ३ वॅट खातो, म्हणजे दिवसाला ७२ वॅट-तास. बारा व्होल्ट आणि सात अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर ८४ वॅट-तासांची असते. तिच्यावर तो जेमतेम एक दिवस काढील. म्हणून पाय गच्चीवरच, घरगुती वीज आणि यूपीएसवर असावा, बांधावर कधीही नेऊ नये. नोडची गोष्ट वेगळी आहे, तो दोन मोजमापांच्या मध्ये झोपू शकतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत सोलर पॅनेलला दिवसचे दिवस ऊन दिसणार नाही, तेव्हा बॅटरी उतरू लागली की पाठवण्याची अंतरे लांबवावीत, पण मोजणे चालूच ठेवावे. कार्डावर लिहिलेले नंतर मिळते, न मोजलेले मिळत नाही.

वेळेकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. ईएसपी३२ गाढ झोपेत असताना आतल्या स्वस्त दोलकावर वेळ राखतो आणि तापमानाप्रमाणे तो सरकतो. एक टक्का चूक म्हणजे दिवसाला १४ मिनिटांहून अधिक. आपल्या दोन नोडांची तुलना दाराच्या दोन बाजूंची आहे, त्यामुळे त्यांची घड्याळे एकमेकांपासून सरकली तर पाणी आधी कोणत्या बाजूला बदलले हेच सांगता येणार नाही. डीएस३२३१ सारखी स्वतंत्र घड्याळचिप बसवावी. तिची चूक वर्षाला मिनिटभराच्या आसपास राहते. नोंदी यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) ठेवाव्यात आणि भारतीय वेळेचे साडेपाच तास दाखवण्याच्या वेळीच मिळवावेत.

समुद्ररसायन

मी अनेक वर्षे मांडवी आणि जुवारीच्या पाण्याच्या रसायनावर काम केले आणि आता निवृत्त आहे. वरच्या उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे. फक्त ‘कच्चा डेटा’ म्हणजे काय, यावर आग्रहाने लिहू इच्छिते, कारण संगणकाच्या आणि समुद्राच्या विद्यार्थ्यांचा गोंधळ तिथेच होतो.

आपल्या नोडने क्षारता पाठवू नये. क्षारता मोजली जात नाही, ती वाहकता, तापमान आणि दाब यांवरून काढली जाते. १९७८ चे जे व्यवहार्य क्षारता मापन सर्वत्र वापरले जाते, ते २ ते ४२ या पल्ल्यातच वैध आहे. मेमध्ये आपल्या नोडभोवतीचे पाणी या पल्ल्यात आरामात बसेल. जुलैत, धो धो पावसात, खाजनाच्या आतले पाणी २ च्या खाली जाईल आणि तिथे वेगळी दुरुस्ती लागेल. नोडच्या फर्मवेअरमध्ये एकच सूत्र घालून त्याचे उत्तर तेवढे साठवले, तर सबंध पावसाळ्याची नोंद चुकीच्या सूत्रावर बसेल आणि ती उलटून दुरुस्त करणेही कठीण होईल. वाहकता आणि तापमान साठवले असेल, तर दहा वर्षांनीही कोणी नव्या सूत्राने क्षारता काढू शकतो. आणखी एक: बहुतेक वाहकता-प्रोब स्वतःच २५ अंशांना रूपांतरित केलेला आकडा देतात. ते रूपांतर शक्यतो बंद करावे, आणि करता येत नसेल तर कोणता गुणांक वापरला गेला ते नोंदवून ठेवावे.

ऑक्सिजनचेही तसेच. ३० अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात संपृक्त ऑक्सिजन साधारण ७.६ मिलिग्रॅम प्रति लिटर असतो आणि समुद्राच्या पाण्यात सुमारे ६.२. प्रोबला क्षारता शून्य असे सांगून ठेवले आणि दारातून खारे पाणी आत आले, तर प्रोब खऱ्याहून बराच अधिक ऑक्सिजन दाखवील, आणि तो आकडा दिसायला इतका साधा असेल की कोणालाही संशय येणार नाही. म्हणून प्रोबचा मूळ संकेत आणि तापमान ठेवावे, दुरुस्ती सर्व्हरवर करावी.

आता सरासरीविषयी, आणि इथे मला आपल्या मार्गदर्शकांची बाजूही मांडायची आहे. पातळीच्या सेन्सरवर वाऱ्याच्या आणि होड्यांच्या लाटा असतात; तिथे मिनिटाला एकच क्षणिक आकडा घेण्यापेक्षा काही सेकंदांचे अनेक आकडे घेऊन त्यांचा मध्यक घेणे योग्यच आहे. तेवढे गणित नोडवर व्हायलाच हवे. पण दिवसाच्या एका ठरलेल्या वेळी एकदा नोंद घेणे, किंवा विजेच्या काटकसरीसाठी तेवढ्यावर उतरणे, हे मोहाचे असले तरी घातक आहे. मुख्य भरतीचे आवर्तन सुमारे १२ तास २५ मिनिटांचे असते. रोज सकाळी दहालाच मोजले, तर भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे सरकत असल्याने आपल्या आलेखात जवळजवळ पंधरा दिवसांची एक खोटी लाट उमटते, आणि ती उधाण-भांगाच्या (मोठ्या आणि लहान भरत्यांच्या) खऱ्या चक्राच्या कालावधीशी जुळते. खरे आणि खोटे मग वेगळे काढता येत नाही.

सेन्सरवर जीव बसतात, हे सांगायला नकोच. पण ते कोणत्या दिशेने फसवतात हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे. वाहकतेच्या प्रोबच्या पोकळीत शेवाळ किंवा शिंपल्यांची पिल्ले बसली की वाचन हळूहळू खाली येते, म्हणजे पाणी गोडे होत असल्यासारखे दिसते. पावसाळ्याच्या तोंडावर हा फरक डोळ्यांनी ओळखणे फार कठीण जाते. ऑक्सिजनच्या पडद्यावर थर बसला तर प्रोब त्या थराचेच प्रकाशसंश्लेषण आणि श्वसन मोजू लागतो, म्हणजे ऑक्सिजन दिवसा वाढलेला आणि रात्री घटलेला दिसतो. यावर मला एकच विश्वासार्ह उपाय माहीत आहे: साफ करण्यापूर्वी काही मिनिटे आणि साफ केल्यावर काही मिनिटे त्याच पाण्यात वाचन घेणे. नोडच्या पेटीवर एक बटण द्यावे. ते दाबले की ‘साफसफाई सुरू’ आणि पुन्हा दाबले की ‘साफसफाई संपली’ अशी खूण डेटातच पडावी. वहीत लिहिलेली तारीख आणि डेटातली वेळ पुढे कोणी जुळवीत नाही.

खाजनकाठ

मी संगणकातला नाही. आमची शेती खाजनात आहे आणि मानशीच्या कारभाराशी घरचा संबंध जुना आहे, म्हणून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटल्या.

पहिली गोष्ट दाराची. जुन्या मानशीचे लाकडी दार भरतीच्या पाण्याच्या जोराने आपोआप बंद होते आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या जोराने उघडते, हे खरे. पण ते नेहमी आपोआपच चालते असे समजू नका. मानशीवरच्या मासेमारीचा हक्क लिलावाने दिला जातो आणि ज्याच्याकडे तो असतो तो ओहोटीला, पुष्कळदा रात्रीचा, दारापाशी जाळे लावतो. कधी मासे मिळावेत म्हणून दार फळी घालून अडवून धरले जाते आणि आत अधिक खारे पाणी येते. आपल्या आलेखात रात्री एकदम खारटपणा वाढलेला दिसला, तर तो सेन्सरचा दोष आहे, भरती आहे की माणसाचा हात आहे, हे आपण पाण्यात बसून कसे सांगाल? दारावर लोहचुंबक आणि चौकटीवर सीलबंद रीड स्विच (चुंबक जवळ आल्याने चालणारा स्विच) लावा. दार उघडे की मिटलेले, एवढीच नोंद मिळाली तरी बाकीच्या सगळ्या आकड्यांचा अर्थ लागेल. मात्र ही नोंद कोणावर पाळत ठेवण्यासाठी नाही हे आधी कोमुनिदाद (गावची सामायिक जमीन सांभाळणारी संस्था), कुळांची संघटना आणि मानशीवाले यांच्याशी बसून बोला. त्यांच्या संमतीशिवाय बांधावर खांब रोवला तर तो टिकणार नाही, आणि टिकू नयेही.

दुसरी गोष्ट आमच्या कामाची. पहिल्या पावसाने शेतातले मीठ धुऊन निघाल्यावरच भात लावायचे असते. कोरगूट हे खाजनातले भात खारटपणा सोसते, पण त्यालाही मर्यादा आहे. आतल्या नोडचा खारटपणा त्या दिवसांत आम्हाला मोबाईलवर साध्या संदेशाने कळला, तर विद्यापीठाच्या सर्व्हरवर काय साठते याच्याशी आम्हाला काही देणेघेणे नाही, पण तो नोड आमचा वाटेल. आणि एक सावधगिरी: कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत. बाहेरच्या नोडची साफसफाई एकट्याने, तिन्हीसांजेला, पाण्यात उतरून कधीही करू नका. प्रोब दोरीने वर ओढून घेता येईल अशी नळी बसवा.

ताळगाव_पठार

मॅडम, भाऊ आणि वेर्ण्याचे सर, आपण तिघांनी एवढा वेळ देऊन लिहिलेत याबद्दल मनापासून आभारी आहे. दाराची नोंद आमच्या आराखड्यात अजिबात नव्हती. ती दर्जाचिन्हांपैकी एका बाइटाच्या मोकळ्या बिटांत बसेल. कोमुनिदाद आणि कुळ संघटना यांना भेटण्याचे आम्ही याच महिन्यात ठरवीत आहोत.

दोन शंका उरतात. एमक्यूटीटीमध्ये क्यूओएस १ ही पोच मागणारी पातळी वापरली तर नोंद पोहोचण्याची खात्री मिळते असे वाचले. मग गेटवेवर वेगळी साठवण कशासाठी? आणि मॉडेलचा विचार पूर्ण सोडून द्यावा, की त्याला काही जागा आहे?

फोंडा_संशोधक

पहिल्या शंकेचे उत्तर आधी देतो. क्यूओएस १ म्हणजे संदेश ‘किमान एकदा’ ब्रोकरपर्यंत (संदेश घेऊन पुढे देणाऱ्या मधल्या प्रोग्रॅमपर्यंत) जाईल. दोनदाही जाऊ शकतो. शिवाय ब्रोकरची पोच आली याचा अर्थ सर्व्हरच्या डेटाबेसमध्ये नोंद लिहिली गेली असा होत नाही, त्या दोहोंच्या मध्ये आपलाच प्रोग्रॅम असतो आणि तो बंद पडू शकतो. म्हणून गेटवेवर एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये प्रत्येक पॅकेट आधी लिहावे, मग पाठवावे, आणि डेटाबेसमध्ये लिहून झाल्याची वेगळी पोच सर्व्हरकडून आल्यावरच त्यावर ‘पाठवले’ अशी खूण करावी. सर्व्हरच्या तक्त्यात नोड, रीसेटची मोजणी आणि अनुक्रमांक या तिघांची मिळून एकमेव किल्ली ठेवली की दुसऱ्यांदा आलेली नोंद आपोआप नाकारली जाते. वेर्ण्याच्या सरांनी रीसेटच्या मोजणीला बाइट दिला आहे त्याचे महत्त्व इथे कळते: नोड पुन्हा सुरू झाल्यावर अनुक्रमांक शून्यापासून सुरू झाला, तर त्याविना नव्या नोंदी जुन्या समजून फेकल्या जातील. गेटवेच्या कार्डाची मूळ विभागणी फक्त वाचण्यापुरती ठेवावी आणि डेटा वेगळ्या विभागात लिहावा. पावसात वीज जाण्या-येण्याने बिघडलेली मेमरी कार्डे हा गेटवे बंद पडण्याचा नेहमीचा प्रकार आहे.

मॉडेलविषयी माझे मत ठाम आहे, आणि ते आपल्या सहकाऱ्याला नाउमेद करण्यासाठी नाही. छोट्या चिपवर मॉडेल चालवणारी टेन्सरफ्लो लाइट मायक्रोसारखी साधने ईएसपी३२ वर चालतात. ३२ बिटांचे आकडे ८ बिटांवर आणले की मॉडेलचा आकार साधारण चौथाईवर येतो. तांत्रिक अडचण फारशी नाही. अडचण ही आहे की ‘नेहमीचे’ काय हे मॉडेलला शिकवायला आपल्याकडे अजून एकही पावसाळा नाही. मेपर्यंतच्या डेटावर शिकलेल्या मॉडेलला जूनमधला पहिला पूर म्हणजे बिघाड वाटेल, आणि मॅडमनी सांगितलेली शेवाळाची संथ घसरण त्याला नेहमीचीच वाटेल. म्हणजे नेमके ज्यासाठी मॉडेल बसवायचे त्याच्या उलट निकाल. त्यातही त्याच्या निर्णयावर नोंदी पाठवायच्या की टाकून द्यायच्या हे ठरणार असेल, तर मॉडेल चुकले हे सिद्ध करणारा पुरावाच शिल्लक राहत नाही.

पहिल्या वर्षी नोडवर साध्या कसोट्या ठेवाव्यात: आकडा शक्य त्या पल्ल्यात आहे का, एका मिनिटात अशक्य एवढी उडी आहे का, तोच आकडा तासन्‌तास न हलता येतो आहे का. अमेरिकेतील समुद्रनिरीक्षणाच्या क्वारटॉड पद्धतीतली दर्जाचिन्हे जशीच्या तशी घ्यावीत: १ म्हणजे उत्तीर्ण, २ म्हणजे तपासले नाही, ३ म्हणजे संशयास्पद, ४ म्हणजे अनुत्तीर्ण, ९ म्हणजे नोंद नाही. कसोटीत नापास झालेला आकडा पुसायचा नाही, त्याच्यावर चिन्ह ठेवायचे. मॉडेल सर्व्हरवर चालवावे, तिथे ते कितीही वेळा नव्याने शिकवता येते, आणि दोन पावसाळ्यांनंतर त्याचे निकाल पटले तर नोडवर उतरवावे. तेव्हाही त्याचे काम एवढेच असावे की वेगळे काही दिसले तर पाठवण्याचा वेग वाढवणे. वेग वाढवला की त्या काळातल्या नोंदी दाट होतात, आणि साधी सरासरी त्या घडामोडींकडे झुकते. म्हणून सर्व्हरवर सरासरी काढताना प्रत्येक नोंदीला तिच्या कालावधीप्रमाणे वजन द्यावे.

आता जे विद्यापीठातल्या प्रकल्पांत सर्वाधिक राहून जाते त्याविषयी. आपण पदवी घेऊन जाल आणि पुढच्या वर्षी दुसरा विद्यार्थी हे फर्मवेअर उघडेल. कसोट्या आणि मध्यकाचे गणित साध्या सी भाषेतल्या फंक्शनांत, हार्डवेअरशी संबंध न ठेवता लिहावे, म्हणजे तीच फाइल लॅपटॉपवरही चालते. मग नोडवरून उतरवलेला जुना कच्चा डेटा त्या फंक्शनांतून पुन्हा वाहवून नव्या आवृत्तीचे निकाल जुन्याशी ताडता येतात, आणि बदल बांधावर जाण्याआधी खोलीत तपासला जातो. कॅलिब्रेशनचे (सेन्सर प्रमाणाशी जुळवून घेण्याचे) गुणांक फर्मवेअरमध्ये कधीही लिहू नयेत. सेन्सरचा अनुक्रमांक, तारीख आणि गुणांक असा वेगळा तक्ता सर्व्हरवर असावा, आणि जुना गुणांक खोडून न टाकता नवी ओळ घालावी. दुरून फर्मवेअर बदलण्याची सोय करणार असाल तर ईएसपी३२ च्या दोन विभागणींची पद्धत वापरावी, म्हणजे नवी आवृत्ती सुरू होऊन एक मोजमाप आणि एक पोच यशस्वी झाल्याशिवाय जुनी सोडली जाणार नाही. लोराच्या संथ गतीवरून मात्र पूर्ण फर्मवेअर पाठवण्याच्या फंदात पडू नये. साफसफाईच्या फेरीत बांधावर उभे राहून वायफायने ते काम थोडक्यात होते.

समुद्ररसायन

फोंड्याच्या संशोधकांनी लिहिलेले सर्व पटले. फक्त एक जोड. दोन्ही नोड वेगवेगळ्या जागी लावण्यापूर्वी ते बाहेरच्या बाजूला, एकाच खांबावर, एकाच खोलीवर शेजारी शेजारी बांधून उधाणापासून पुढच्या उधाणापर्यंतचे एक पूर्ण चक्र चालू द्यावे. त्या पंधरवड्यातला दोघांमधला फरक हा आपल्या उपकरणांचा आपसांतला फरक असेल. पुढे दाराच्या आत-बाहेर जो फरक दिसेल, तो याहून मोठा असेल तरच त्याला पाण्याचा फरक म्हणावे. हे मेमध्ये पाऊस सुरू होण्यापूर्वी करावे आणि जुलैत पाणी गोडे झाल्यावर पुन्हा एकदा, कारण खाऱ्या पाण्यात जुळलेले दोन प्रोब गोड्यात जुळतीलच असे नाही.

ताळगाव_पठार

मॅडम, मेच्या पहिल्या उधाणाला सुरुवात करण्याचा प्रयत्न करतो. बाहेरच्या खांबाला वर ओढता येणारी नळी आधीच बसवू, म्हणजे दोन्ही प्रोब तिच्यातून एकत्र सोडता येतील. ५१ बाइटांची सुधारलेली मांडणी, दाराच्या बिटासह, उद्या इथेच टाकतो. वेर्ण्याच्या सरांनी ती एकदा नजरेखालून घालावी, ही विनंती.